पत्र्याच्या कारखान्यातून निघालेले सूर

आपल्या वस्त्यांतून अलीकडे एक दृश्य वारंवार दिसते. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी आणि वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरे, कानात यंत्र खुपसलेले आणि मान तालावर वरखाली हलते आहे. घरची वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. पोरगा वाया चालला, म्हणतात. विहारात वंदनेला यायला याला वेळ नाही आणि ही सैतानाची गाणी ऐकायला वेळ आहे!

माय-बापांची ही काळजी आम्ही खोटी मानत नाही. परंतु एखाद्या गोष्टीस नावे ठेवण्यापूर्वी ती कोठून आली, कोणी निर्माण केली आणि कोणत्या परिस्थितीत निर्माण केली याचा शोध घेणे हे तथागतांच्या अनुयायांचे कर्तव्य आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण नेहमी सांगतो. तो गाण्यालाही लावून पाहावयास काय हरकत आहे?

या संगीतास हेवी मेटल म्हणतात. शब्दशः अर्थ, जड धातू. या प्रकारातील पहिली खरी तबकडी कोणती असे विचारले तर बहुतेक जाणकार एकच नाव घेतात. ती १३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडात प्रसिद्ध झाली. वाद्यवृंदाचे नाव 'ब्लॅक सॅबथ', आणि त्यांच्या या पहिल्या तबकडीचेही नाव तेच. सॅबथ म्हणजे येथे चेटकिणींचा मेळा. नाव ऐकूनच अंगावर काटा यावा असे आहे. पण या तबकडीच्या मागे जाऊन पाहिले तर सैतान फारसा सापडत नाही. सापडतो तो कामगार, आणि म्हणूनच तिची हकिकत आपल्या घरांतून सांगितली गेली पाहिजे असे आम्हास वाटते.

इंग्लंडच्या मध्यभागी बर्मिंगहॅम हे शहर आहे. मोटारी, बंदुका, पेनांची निबे, धातूचे जे जे म्हणून होते ते सारे येथे तयार होत असे. त्यातील अ‍ॅस्टन ही कामगारवस्ती. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले. युद्ध संपल्यानंतर १९४८-४९ साली जन्मलेली चार मुले त्याच पडक्या भिंतींच्या ढिगाऱ्यांत खेळून मोठी झाली.

त्यांतला जॉन मायकल ऑस्बोर्न, ज्याला पुढे जग 'ऑझी' म्हणून ओळखू लागले, तो लॉज रोडवरील १४ क्रमांकाच्या छोट्या घरात राहत होता. भावंडे सहा. वडील हत्यारे बनविणारे कारागीर, रात्रपाळी करणारे. आई मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात. मुलाला अक्षरे उलटीसुलटी दिसत, वाचन जमत नसे. आज त्या अडचणीला नाव आहे, तेव्हा 'ढ' म्हणून मोकळे होत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग प्लंबरच्या हाताखाली, कत्तलखान्यात, मोटारीच्या हॉर्नचा आवाज तपासण्याच्या खोलीत, अशी मिळेल तेथे मजुरी. एकदा चोरीत सापडला. दंड झाला. वडिलांनी तो भरला नाही. याला धडा मिळू दे, म्हणाले. मुलगा काही आठवडे तुरुंगात राहून आला. त्याच वडिलांनी पुढे मुलाला गाणे म्हणावयाचे आहे हे कळल्यावर कर्ज काढून माईक आणि लाऊडस्पीकर घेऊन दिले. शिक्षाही केली आणि साथही दिली. असे बाप आपल्याही चाळींत आहेत.

दुसरा टेरेन्स बटलर, सारे त्याला 'गीझर' म्हणत. मोठ्या आयरिश कुटुंबातला धाकटा, कारखान्याच्या हिशेबखात्यात उमेदवारी करणारा. तो बास गिटार वाजवी आणि बहुतेक गाणी तोच लिही. तिसरा बिल वॉर्ड, ढोलवाला. लहानपणापासून कानावर पडलेल्या कारखान्यांच्या घणांच्या ठोक्यांतून आपल्याला ताल मिळाला असे तो सांगतो. आणि चौथा टोनी आयोमी. त्याची कथा जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण या संगीताचा आवाज असा का, याचे उत्तर तीत आहे.

टोनी इटालियन वंशाच्या कुटुंबातला एकुलता मुलगा. वय सतरा, साल १९६५. पत्र्याच्या कारखान्यात तो वेल्डिंगचे काम करी आणि फावल्या वेळात गिटार वाजवी. एका वाद्यवृंदाबरोबर जर्मनीला जाण्याचे ठरले आणि त्याने नोकरी सोडली. कामाचा अखेरचा दिवस होता. दुपारी जेवावयास घरी आला तेव्हा तो आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, जा, दिवस पुरा करून ये. कोणतीही कष्टकरी आई हेच म्हणाली असती. घेतलेले काम पुरे करावे, हीच तर गरिबाची अब्रू.

तो परत गेला. त्या दिवशी प्रेस चालविणारे माणूस आले नव्हते. टोनीला त्या यंत्रावर बसविण्यात आले. ते यंत्र त्याने कधी चालविले नव्हते, कोणी शिकविले नव्हते. प्रेस खाली आला, त्याने दचकून हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे तुटून गेले. टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. तुटलेले शेंडे कोणीतरी आगपेटीत घालून इस्पितळात आणले, पण ते पुन्हा बसविण्याजोगे राहिले नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, गिटार विसर.

तो घरी सुन्न बसून असता कारखान्यातला वरिष्ठ त्याला भेटावयास आला. येताना त्याने एक तबकडी आणली होती. टोनीची ऐकण्याची इच्छा नव्हती, तरी आग्रहाने लावली. गिटार ऐकून टोनी थक्क झाला. मग त्या गृहस्थाने सांगितले, हा वाजविणारा डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सूर वाजवतो. त्याचे नाव जँगो राइनहार्ट. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि हाताची दोन बोटे कायमची आखडली. हा जँगो होता रोमा जमातीचा. ज्यांना युरोपने शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, चोर म्हणून हिणविले, हिटलरने ज्यांना छळछावण्यांत मारले आणि ज्यांच्या भाषेची मुळे आपल्या भारतात आहेत, ती ही जमात. बहिष्कृत समाजातील एका जळालेल्या हाताने एका कामगार मुलाला उठवून उभे केले. दिव्याने दिवा लागतो तो असा.

टोनीने दुसऱ्याच्या मेहरबानीची वाट पाहिली नाही. भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने तिचा गोळा केला. तापलेल्या सळईने त्यात बोट जाईल एवढे भोक पाडले, घासून घासून आकार दिला, वर जुन्या जाकिटाच्या चामड्याचा तुकडा चिकटविला. झाली बोटाची टोपी! पण प्लॅस्टिकच्या बोटाला तारेचा स्पर्श कळत नाही आणि जाड तारा दाबताना त्रास होई. तेव्हा त्याने गिटारला बँजोच्या पातळ तारा लावून पाहिल्या. बोटे फार फिरवून चालणार नव्हते, म्हणून मोजक्या सुरांचे भरीव, वजनदार आघात करण्याची रीत त्याने बसविली. पुढे १९७१ च्या तिसऱ्या तबकडीच्या वेळी त्याने तारा आणखी सैल केल्या आणि आवाज अधिकच खाली, अधिकच जड झाला. आज जगभरची मुले ज्या घनगंभीर आवाजावर मान हलवितात त्याचा उगम प्रेसखाली गेलेल्या दोन बोटांत आहे. तो आवाज कोणा सैतानाने दिलेला नाही.

आता सैतानाचे नाव आले कोठून तेही पाहू. या चौघांच्या वाद्यवृंदाचे आधीचे नाव होते 'अर्थ', म्हणजे पृथ्वी. त्याच नावाचा दुसरा एक वाद्यवृंद निघाला, म्हणून नाव बदलणे भाग पडले. ते जेथे सराव करीत त्याच्या समोर चित्रपटगृह होते. तेथे 'ब्लॅक सॅबथ' नावाचा १९६३ सालचा इटालियन भयपट लागला होता. या पोरांनी पाहिले, लोक पैसे मोजून भिण्यासाठी रांग लावतात! मग आपण भीतीचे संगीत का करू नये? हा एवढाच तो 'सैतानी करार'. सिनेमाच्या पाटीवरून घेतलेले नाव.

तबकडीतील पहिले गाणेही त्याच नावाचे आहे. सुरुवातीस पाऊस, ढगांचा गडगडाट आणि दूरवर घंटा. हे आवाज नंतर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी जोडले. मग गिटारचे तीन सूर येतात. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी करून पाहावे. खालचा सा धरा, मग वरचा सा वाजवा आणि तेथून तीव्र मध्यमावर येऊन थांबा. सावकाश, जड हाताने. तेच ते तीन सूर. बटलर हा इंग्रज संगीतकार होल्स्ट याची मंगळ ग्रहावरची युद्धाची रचना बासवर वाजवून पाहत होता, त्यातून आयोमीला ही कल्पना सुचली. सा आणि तीव्र मध्यम यांमधील या अंतरास युरोपातील जुन्या पंडितांनी 'संगीतातील सैतान' असे नाव ठेवले होते. चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी कथाही मोठ्या चवीने सांगितली जाते. तिला पुरावा नाही.

आणि गंमत पाहा, तोच तीव्र मध्यम आपल्याकडे यमन रागाचा अलंकार आहे. सूर एकच. तेथे तो सैतान आणि येथे सायंकाळची शोभा. म्हणजे सूर ना पवित्र असतो, ना अपवित्र. पवित्र-अपवित्राचा शिक्का माणूस मारतो. हे आपल्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. हलगीवाचून ज्या गावाची जत्रा निघत नसे, त्याच गावाने हलगी वाजविणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले होते.

त्या पहिल्या गाण्याचा अर्थही पालकांनी समजून घ्यावा. समोर काळी आकृती उभी पाहून एक माणूस भेदरला आहे आणि मदतीची याचना करतो आहे. यात सैतानाची पूजा कोठे आहे? बटलरला एके रात्री जागेपणी की झोपेत असा काही भास झाला होता, त्यावरून ते गाणे सुचले असे सांगतात. 'एन. आय. बी.' नावाच्या गाण्यात सैतान प्रेमात पडून सुधारू पाहतो. या तीन अक्षरांचा पुढे लोकांनी भलभलता अर्थ लावला. खरे कारण एवढेच, की बिल वॉर्डची दाढी मित्रांना पेनच्या निबसारखी दिसे!

तबकडी तयार कशी झाली तेही ऐकण्याजोगे आहे. आधी अनेक कंपन्यांनी या पोरांना परत पाठविले होते. अखेर १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसाची वेळ मिळाली. खर्चास सुमारे ६०० पौंड. रॉजर बेन हे निर्माते. पहिले गाणे झाल्यावर आयोमीची गिटार बिघडली. त्याने जवळची दुसरी उचलली आणि काम पुढे चालू ठेवले. रोज रात्री लोकांपुढे जसे वाजवीत तसेच चौघांनी एकत्र वाजविले आणि सुमारे बारा तासांत काम आटोपले. एक पूर्ण दिवस मिळाला, हाच त्यांना फार मोठा वेळ वाटला. लगोलग ते २० पौंडांच्या बिदागीवर कार्यक्रम करावयास स्वित्झर्लंडला निघून गेले. हीसुद्धा एक पाळीच म्हणावयाची. वेळेवर हजर, हत्यार मोडले तर दुसरे घ्या आणि काम उरकून घरी जा.

तबकडीच्या वेष्टनावर ऑक्सफर्डशायरमधील एका जुन्या पाणचक्कीपुढे काळ्या कपड्यांतील एक स्त्री उभी आहे. आतल्या बाजूस उलटा क्रूस छापला होता. या मुलांना तो छापला जाईपर्यंत माहीतही नव्हता. कंपनीने खपासाठी केलेली ती युक्ती. परिणाम असा झाला की खरोखरच जादूटोण्याच्या नादी लागलेले लोक यांच्या मागे लागले. मुले घाबरली. तेव्हा ऑझीच्या वडिलांनी चौघांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे सरळ क्रूस बनवून दिले आणि ते ती गळ्यात घालू लागली. भीती विकणारेच भीतीचे गिऱ्हाईक झाले! बुवाबाजीचा व्यवहार आपल्याकडे कसा चालतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

तबकडी निघाली तेव्हा समीक्षकांनी तिची टर उडविली. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या प्रतिष्ठित पत्राने तिला मोडीत काढले. पण कामगारांच्या मुलांनी ती उचलून धरली. इंग्लंडच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत गेली, अमेरिकेत तेविसाव्या, आणि तेथे ती वर्षभराहून अधिक काळ यादीत राहिली. २०१७ साली त्याच 'रोलिंग स्टोन'ने या प्रकारातील सर्वश्रेष्ठ शंभर तबकड्या निवडल्या तेव्हा हिला पहिल्या पाचांत बसविले. शिकलेल्यांच्या पंक्तीत आधी हेटाळणी आणि मग सन्मान, हा क्रम आपल्या शाहिरांनी आणि आपल्या साहित्याने पुरता भोगलेला आहे.

परंतु आम्ही केवळ गुणगान करावयास बसलो नाही. पैसा आला तशी दारू आली, गर्द आली. १९७९ साली ऑझीला नशेपायी त्याच्याच सोबत्यांनी बाहेर काढले. पुढच्या वर्षी बिल वॉर्डही दारूमुळे बाजूला झाला. पुढे त्याने ती कायमची सोडली. ज्यांना प्रेसने आणि गरिबीने मोडले नाही त्यांना बाटलीने मोडले. पंचशीलातील पाचवे शील कशासाठी आहे हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे? काळा टी-शर्ट घालणाऱ्या तरुणांनो, त्यांचे सूर जरूर घ्या. त्यांची बाटली घेऊ नका.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे वीस वर्षांनी पुन्हा एकत्र वाजविण्यास उभे राहिले, तेही अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर. ऑझीचे लहानपणचे घर तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. कंपवाताने त्याला उभे राहवत नव्हते. तो आसनावर बसून गायला. पहिल्या तबकडीतील 'एन. आय. बी.' त्यात होते. त्या कार्यक्रमाचे उत्पन्न बर्मिंगहॅमचे मुलांचे इस्पितळ, आजारी मुलांची एक सेवासंस्था आणि कंपवातावरील संशोधन यांना देण्याचे ठरले होते. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी ऑझीचे निधन झाले. अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवरून निघाली तेव्हा सारे शहर दुतर्फा उभे होते.

आता आपल्या घराकडे वळू. त्याच काळात, त्याच भागातल्या ओतशाळांत आणि कारखान्यांत पंजाबातून गेलेले आपले आंबेडकरी बांधवही राबत होते. बर्मिंगहॅमशेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनला त्यांनी पुढे बुद्धविहार उभारला. भट्टीचा धूर गोऱ्या कामगाराला आणि आपल्या माणसाला सारखाच लागत होता. आणि पॉवर प्रेस आजही बोटे खातो आहे. भोसरीपासून बुटीबोरीपर्यंत आपली मुले त्यावर बसतात. आमच्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटाच्या पेरापेराचा टक्का लिहून ठेवला होता. हाड शाबूत राहून मधल्या बोटाचा नुसता शेंडा गेला तर कमाईच्या शक्तीत ४ टक्के घट, अनामिकेचा गेला तर २ टक्के. टोनी आयोमीच्या त्या दोन शेंड्यांची किंमत अशा हिशेबात कोठे मावते?

म्हणून आमचे सांगणे आहे. मुलगा कारखान्यात जात असेल तर त्याला बजावून पाठवा, जे यंत्र तुला कोणी शिकविले नाही त्यावर एका तासासाठीही बसू नकोस, अखेरचा दिवस असला तरी बसू नकोस. सेन्सर आणि गार्ड काढून ठेवलेला प्रेस चालवावयास नाही म्हणणे ही कामचुकारी नव्हे, तो आपला हक्क आहे. टोनीच्या आईचा दोष नव्हता. दोष होता न शिकविता मुलाला यंत्रावर बसविणाऱ्याचा.

आणि तो मुलगा कामावरून येऊन कानात ते यंत्र घालून बसला, तर त्याच्यावर ओरडू नका. त्यातले एक टोक आपल्या कानाला लावा आणि विचारा, बाळा, हे काय आहे, कोण वाजवतो आहे? त्याला सांगता आले नाही, तर ही बोटांची गोष्ट तुम्हीच त्याला सांगा. मग रविवारी वंदनेला चल म्हणालात, तर तो अधिक आनंदाने येईल असा आमचा विश्वास आहे.

जयभीम!